पेटीच्या तळाचं भोक

खट्.

शेडमधल्या ईएलसीबीचा खटका पुन्हा पडला आणि सुजितनं शिवी हासडली. ती मलाच घालायची होती, पण माझी आय शेजारीच उभी होती म्हणून त्यानं ती यंत्राला घातली.

“कल्पे, हे काय खेळणं लावलंयस तू? चढवलं की पडतंय, चढवलं की पडतंय!”

“पडतंय म्हणजे वीज कुठंतरी वाट सोडून गळतेय. तेच सांगतंय ते. जरा ऐकायला शीक.”

“आपण ऐकू गो. भरती ऐकणार हाय का?”

बोलला ते झोंबलं, पण खोटं नव्हतं. वादळाचा इशारा आलेला. पाड्यातल्या बाकीच्या होड्या आदल्या दिवशीच रेवसच्या खाडीत आडोशाला गेल्या होत्या. मागं राहिली ती एकटी आमची ‘भागुबाई’. तिचं मशीन दुरुस्तीला अलिबागला पडलेलं, मग ती जाणार कशी? ओहोटीला वाळूवर टेकवून ठेवलेली, आणि आता उधाणाची भरती चढत होती. वर पाऊस नव्हता, एक थेंब नाही, पण वारा असा की लाटांचा फवारा थेट शेडपर्यंत येत होता. विंचनं ओढून होडी वर घेतली नाही, तर पाणी तिला उचलून दक्षिणेच्या खडकावर आपटणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

भागुबाई म्हणजे माझी आजी. बाबानं आईचं नाव होडीला दिलं आणि पुढं आईपेक्षा होडीचीच काळजी जास्त केली, असं आय म्हणते. माझा बाबा, दादू नाखवा. त्या वेळी तो गुडघाभर पाण्यात, होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, खांदा लावून उभा होता. सोबत पाड्यातले चार गडी होडीला आडवी होऊ न देता धरून होते. विंचच्या तारेचा दोर वाळूवरून खाली उतरत गेला होता आणि त्याच्या टोकाचा लोखंडी हूक पाण्याच्या कडेला पडून होता. वीज आली की बाबानं तो हूक उचलून होडीला अडकवायचा आणि दोर ताठ होईपर्यंत धरून ठेवायचा, असं ठरलेलं. हे काम तो दुसऱ्याला देत नाही.

आणि मी कल्पिता, वायरमन. लायसन आहे, बॅग आहे, जीभ तर आहेच. आमच्या पाड्यात बाईनं मासे विकले, जाळी सांधली, नवऱ्याला शिव्या घातल्या, तर कुणाला काही वाटत नाही. पण तिनं विंचचं पॅनल लावलं की चार म्हाताऱ्यांचं पोट दुखतं. हे पॅनल मी लावलेलं. त्यामुळे आज ते बंद पडल्यावर जो तो माझ्याकडे बघत होता.

“डायरेक्ट करूया,” सुजित म्हणाला. तो मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी, शाळेत माझ्याच वर्गात होता. “ईएलसीबी काढून वायरला वायर जोडतो. होडी वर आली की परत लाव तुझं खेळणं.”

“हात तर लावून बघ!”

“अगो, तुझ्याच बापाची होडी हाय ना?”

“म्हणूनच सांगतेय! तो हूक कोण धरणार? माझाच बाप ना?”

त्याला मी बोटानं दाखवलं. विंचचा लोखंडी सांगाडा, त्यालाच बोल्टनं कसलेली पॅनलची पेटी, ड्रमवर गुंडाळलेली तार, तारेला हूक, आणि हूक धरायला खाऱ्या पाण्यात अनवाणी माणूस. मध्ये ईएलसीबी आहे म्हणून गळालेली वीज तिथल्या तिथं तुटते. तो काढला तर ती कुठपर्यंत जाईल, हे कळायला वायरमन कशाला लागतो? अर्थिंग होती, पण किनाऱ्यावरच्या अर्थिंगला मीठ कसं खातं ते सगळ्यांना माहीत आहे.

सुजितनं हातातली पकड खाली केली. मला वाटलं, पटलं.

खालून बाबा ओरडला, “काय झाला गो? देतंस का न्हाय वीज?”

“देते! थांब!”

माझा पहिला संशय मोटरवर होता. पेटीवर तर मुळीच नाही. पेटी माझा अभिमान होती. दिवाळीच्या सुमारास ती आणली तेव्हा सोसायटीच्या सभेत केवढं रामायण झालं! सुजितनं मोबाइलवर वाचून ठेवलेलं. “आयपी सदुसष्ट घे, सहासष्ट कशाला? एकानं जास्ती हाय.” मी म्हटलं, अरे बाबा, हे काय परीक्षेचे मार्क आहेत? सहा आणि सहा असं सुटं वाचायचं. पहिला आकडा धुळीचा. सहा म्हणजे आपल्या वाळूची पूडसुद्धा आत जाणार नाही. दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे सगळ्या बाजूंनी जोरात फवारा मारला तरी आत थेंब नाही. सातवाली पेटी थोडा वेळ शांत पाण्यात बुडवून तपासतात, पण तिनं फवाऱ्याची परीक्षा दिलेली असेलच असं नाही. “आपली पेटी विहिरीत सोडायची हाय का लाटांच्या तोंडासमोर उभी करायची हाय?” असं विचारल्यावर सभेतल्या बाया हसल्या आणि सहासष्टवर शिक्का बसला.

आणखीही एक गोष्ट त्या सभेत मी सांगितली होती. ही परीक्षा घेतात ती कोऱ्या पेटीची, गोड्या पाण्यात. आमच्याकडं ऊन, मीठ, दमट वारा. दिवसा पेटी तापते, पहाटे गार पडते, आणि गार पडताना श्वास ओढल्यासारखी बाहेरची हवा आत ओढते. रबर कितीही घट्ट असो. त्या हवेचं आत दव होतं. म्हणून तळाला मी ड्रेन प्लग बसवला. बारीक खाचांचा. आतलं पाणी थेंबाथेंबानं खाली पडतं, बाहेरचा फवारा आत शिरत नाही. बाबा त्या सभेला नव्हता. दर्यात होता.

तर मी मोटरचं झाकण उघडून तिच्या तिन्ही वायरी सोडवल्या, टोकं टेपनं गुंडाळली आणि सुजितला हाक दिली, “चढव!”

खट्.

म्हणजे मोटर निर्दोष. राहिली केबल आणि राहिली पेटी.

“मेन खाली ठेव,” मी शेडकडे तोंड करून ओरडले, “मी पेटी उघडतेय!”

लाटांच्या आवाजात ते सुजितला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. लाट होडीखाली शिरली, होडी कलंडली, गड्यांनी आरडाओरडा करत तिला परत उभी केली. बाबाचा पाय घसरला, कंबरेपर्यंत भिजला, उठला. आय माझ्यामागून म्हणाली, “कल्पे, हात चालव. तुझा बापूस होडी सोडून बाहेर यायचा न्हाय. होडी गेली तर तो तिच्यासंगती जाईल, एवढा वेडा हाय तो.” आय असं बोलते तेव्हा हसत असते. त्या वेळी हसत नव्हती.

पेटीला हात लावण्याआधी टेस्टर लावायचा, मेन बंद असला तरी लावायचा. ही सवय मला शिकवून लागलेली नाही, एकदा खाल्लेल्या झटक्यानं लागली. मी टेस्टर पेटीच्या कडेला टेकवला.

टेस्टरचा दिवा लागला.

तेवढ्यात शेडच्या दारात सुजित आला, दोन्ही हात तोंडाशी धरून, आनंदानं ओरडत, “चालू झाली रं! हूक लावा!”

त्यानं डायरेक्ट केलं होतं.

खालचे सगळे शेडच्या दाराकडेच बघत होते, त्याचे हात बघूनच त्यांना कळलं, आणि माझी हाक काही खाली जाईना. “बाबा, नको! हात लावू नको!” मी घसा फोडला, पण वारा माझ्या तोंडावर होता. बाबानं नाळेवरचा खांदा काढला. वळला. पाण्यातून हूकाकडे यायला लागला. मागं शेड, पुढं बाप. शेडकडे पळाले तर पोहोचेपर्यंत त्याचा हात हूकावर. त्याच्याकडे पळाले तरी तेच. खरं सांगते, त्या क्षणी मला वीज, आयपी, लायसन, काही आठवत नव्हतं. मला फक्त त्याचा वाकायला लागलेला खांदा दिसत होता.

आमच्याकडं किनाऱ्यावरून होडीला हाक मारत नाहीत. ऐकूच जात नाही. फडकं हलवतात. उभं हलवलं की ये. आडवं हलवलं की असशील तिथून मागं हो. लाट जिथं फुटते तिथून होडी आत आणताना बाया हेच करतात, आणि होडीतला माणूस आडवं फडकं दिसलं की कारण विचारत बसत नाही, मागं होतो. विचारायला वेळ नसतो.

मी ओढणी ओढून काढली आणि दोन्ही हातांनी आडवी फिरवायला लागले. आयनं माझ्याकडे एकदा बघितलं, एक शब्द विचारला नाही, आणि डोईचं फडकं सोडून तीही फिरवायला लागली. तिच्यामागं किनाऱ्यावर जमलेल्या सगळ्या बाया. टोपल्यावरची फडकी, टॉवेल, पदर, सगळं आडवं.

बाबा वाकलेला होता. हात खाली गेलेला होता. त्यानं मान वर केली.

आणि मागं झाला. तसाच, पाठीनं, पाण्यात. गड्यांनाही हातानं मागं सारत.

मी शेडकडे धावले, सुजितला खांद्यानं बाजूला ढकललं आणि मेन खाली ओढला. त्याच्या हातात अजून पकड होती.

“पेटीला करंट आलाय,” मी म्हटलं. “हूकाला आलाय. तू बाबाला हाक मारलीस.”

मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती. वाजवली असती, पण तेवढा वेळ नव्हता.

“मला वाटला, होडी...” एवढंच बोलून तो खालीच बसला.

त्यानं जोडलेला वायरचा तुकडा मी माझ्या हातानं काढला आणि खिशात घातला. मेनच्या दांड्यावर माझं कुलूप लावलं, चावी गळ्यात. मग पेटीपाशी आले, टेस्टर परत टेकवला. दिवा नाही. पेटीचे स्क्रू सोडवले आणि दार ओढलं.

पाणी माझ्या पायावर ओतलं गेलं.

चांगले दोन तांबे भरतील इतकं. कोमट, गढूळ, गंजाच्या वासाचं. तळाशी बसवलेली कनेक्शनची पट्टी त्यात बुडून हिरवी झालेली. शिमग्याला विंच चालवली तेव्हा पाणी पट्टीच्या खाली राहिलं असणार. आता वर चढलं. पण आलं कुठून? आकाशातून थेंब नाही. दाराचं रबर कोरं, केबलच्या तोंडाशी सगळं घट्ट. मी वाकून पेटीच्या खाली हात घातला आणि ड्रेन प्लग चाचपला.

बोटाला प्लग लागला नाही. काहीतरी गुळगुळीत, टणक लागलं. खाली आडवी होऊन बघितलं. काळं. डांबर. त्याच्या आत कापसाचा पीळ, एका बाजूला दुमडून, अंगठ्यानं दाबून बसवलेला. होडीच्या फळ्यांची फट बुजवतात तसा. आणि असा दुमडलेला पीळ आमच्या पाड्यात एकच माणूस घालतो.

तो माणूस तोवर वर आला होता. अंगातून पाणी निथळत होतं.

“हे तू केलंस?”

बाबानं वाकून बघितलं. “व्हय.”

“का?”

“गळत होती.”

“काय?”

“पेटी गळत होती गो. दिवाळी झाल्यावर, पहाटे जाळं घेऊन जाताना बघितला मी. तळाला भोक आणि भोकातनं थेंब. म्हटला, पोर विसरली भोक बुजवायला.”

“विसरली!” माझा आवाज फुटला. “अरे, ते भोक मी मुद्दाम ठेवलेलं! आतल्या दवाचं पाणी बाहेर जायला! थेंब पडत होता म्हणजे पेटी बरी होती! होडीत थेंब आत येतो, बाबा. हिच्यातला बाहेर जात होता!”

त्यानं डांबरावरून अंगठा फिरवला.

“मला विचारायचं होतंस! एका शब्दानं विचारायचं होतंस!”

“विचारला असता तर तुला कळला असता, तू चुकलीस.” तो अगदी हळू बोलला. “पाड्यातली सगळी तुझ्या चुकीवर टपलेली. म्हटला, कुणाला दिसायच्या आधी बुजवून टाकावा. तुला पण कळायला नको.”

डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. तो माझी अब्रू झाकायला गेला होता आणि त्यापायी आत्ता हूकाला चिकटून मेला असता. पोरीला साधं विचारायचं सोडून.

“आडवं फडकं बघून विचारत नाहीस ते ठीक,” मी म्हटलं. “पण भोक बघून तरी विचारत जा ना रे.”

त्यानं मान हलवली. मागं लाट फुटली आणि होडीच्या बुडानं वाळूवर करकर असा आवाज केला. बाबा दचकला, पण पाण्याकडे गेला नाही. माझ्याकडे बघत उभा राहिला. होडीपाशी जायला माझी परवानगी मागावी तसा.

“जा. धर तिला,” मी म्हटलं. “हूकाला हात लावू नको. मी सांगेपर्यंत नाही.”

मग मी कामाला लागले. स्क्रूड्रायव्हरनं कापसाचा पीळ ओढून काढला. इतका घट्ट ठासलेला की प्लगच्या खाचा तुटल्या. बाबाचं काम पक्कं असतं, करणार काय. प्लगच काढून टाकला, भोक उघडं ठेवलं. आयनं कोरडं फडकं दिलं. पेटी आतून पुसली, कानाकोपऱ्यातून पुसली. ती हिरवी पट्टी तोडून बाहेर फेकली आणि तिच्या वायरी वरच्या कोरड्या भागात सरळ जोडल्या. अर्थिंगची वायर घासून परत आवळली. मोटर जोडली. मेगर लावून गळती मोजली. आकडा चांगला आला. माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. मागून आय सारखं विचारत होती, “झाला? झाला का गो?” आणि भरतीचं पाणी गड्यांच्या मांडीला लागलेलं.

शेडमध्ये जाऊन कुलूप काढलं, मेन चढवला. ईएलसीबी चढवला. राहिला. टेस्टचं बटण दाबलं, खट्, पडला, म्हणजे जागा आहे. परत चढवला. राहिला. पेटीला, सांगाड्याला, तारेला टेस्टर लावला. दिवा नाही.

“झालं!” मी ओरडले आणि ओढणी उभी हलवली.

कुणी जागचं हललं नाही.

गडी होडीला धरून उभे होते, हूकाकडे बघत. मघाशी सगळ्यांनी बघितलेलं, सगळ्यांना कळलेलं. सुजित शेडच्या दारात, नजर खाली. मी उठून “आता काही होत नाही” म्हटलं असतं तर कोण ऐकणार होतं? पेटी माझी, करंट माझ्या पेटीतून आलेला. भोक कुणी बुजवलं हे पाड्याला नंतर कळलं असतं. आणि खरं सांगू? मलाच धीर नव्हता कुणाला सांगायचा, की धर.

होडी पुन्हा कलंडली. या वेळी ती उठायला वेळ लागला.

मी चप्पल काढली आणि हूक उचलायला खाली निघाले. दुसऱ्या कुणाला सांगण्यापेक्षा आपण धरावा, एवढंच डोक्यात. पण मला वाटेतच थांबावं लागलं. बाबा पाण्यातून बाहेर आला होता. त्यानं मला हात हलवून मागं केलं. उभं नाही, आडवं. जशी मी ओढणी हलवली होती तसं.

“तू बटणावर ऱ्हा,” तो म्हणाला. “तुझा काम तिकडं.”

मी परत वर विंचच्या बटणापाशी आले आणि त्यानं वाकून हूक उचलला. दोन्ही उघड्या, ओल्या हातांनी. पाण्यात शिरला, नाळेच्या कडीत तो अडकवला, आणि सोडायच्या ऐवजी तसाच धरून माझ्याकडे तोंड करून उभा राहिला.

“कल्पिता,” त्यानं हाक मारली. तो मला कधी पूर्ण नावानं बोलावत नाही. “पेटी बरी हाय का गो?”

पहिल्यांदा त्यानं विचारलं.

“बरी हाय, बाबा!” मी ओरडले आणि ओढणी उभी हलवली.

“मंग दाब.”

आयनं मागून माझी पाठ धरली. मी बाबाकडे बघितलं, नजर काढली नाही, आणि दाबलं.

विंच घरघरली. दोर वाळूतून वर उठला, पाणी झटकत ताठ झाला. होडीची नाळ वळली, बूड वाळूवर घासलं आणि भागुबाई हलली.

हूक अडकला होता, दोर ताठ होता, आता तो धरायची काही गरज नव्हती. बाकीचे गडी पाठीमागं ढकलायला गेलेही. पण बाबा होडीच्या बाजूनं चालत वर आला, अख्खा किनारा, एक हात हूकावर ठेवून. सगळ्या पाड्याला दिसेल असा. होडी शेडजवळच्या ओंडक्यांवर येऊन टेकली, मी बटण सोडलं, तरी त्यानं तो हात काढला नाही.